‘आलोच’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

दहावीतल्या मुलांच्या इंग्रजीच्या वह्या चाळून पाहा. बऱ्याच वह्यांच्या शेवटच्या पानावर पट्टीने आखलेला बारा खणांचा तक्ता सापडेल. उभे तीन काळ, आडवे चार प्रकार. त्यातली भविष्यकाळाची ओळ मुलांची सगळ्यात लाडकी. आय विल गो, आय विल बी गोइंग, आय विल हॅव गॉन, आय विल हॅव बीन गोइंग. कर्ता कोणीही असो, ‘विल’ जागचा हलत नाही; ‘ही’ आला म्हणून ‘एस’ चिकटवायची कटकट नाही. मार्क हमखास. ही पुस्तिका त्या एका ओळीबद्दल आहे.

एका ओळीसाठी अख्खी पुस्तिका कशाला, असं कोणी विचारेल. त्याचं उत्तर एका साध्या वाक्यात आहे. उद्या सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट खिशात असलेला सोलापूरचा मुलगा पुण्यातल्या कंपनीत फोन करून सांगतो, ‘आय विल कम टू पुणे टुमॉरो.’ वाक्यात चूक काढता येत नाही. परीक्षेत पूर्ण गुण. पण इंग्रजी ज्याच्या रोजच्या वापरातली आहे त्याच्या कानाला ते असं लागतं, की यायचं याने आत्ता फोनवर बोलता बोलता ठरवलं, किंवा हा शब्द देतोय. तिकीट काढून झालं असेल तर तो माणूस स्वतः ‘आय ॲम कमिंग टुमॉरो’ म्हणेल. तक्त्याप्रमाणे हा वर्तमानकाळ, तोही चालू. आणि बोलणं चाललंय उद्याचं.

म्हणजे भविष्याची ओळ पाठ करून भविष्याबद्दल बोलता येत नाही. का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

इंग्रजी क्रियापदाला भविष्यकाळाचं स्वतःचं रूपच नाही. ‘गो’चं ‘वेंट’ होतं, पण आपल्या ‘जाईन, जाशील, जाईल’सारखं, क्रियापदाच्या अंगातच भविष्य मुरलेलं रूप त्या भाषेत नाही. ओटो येस्पर्सनसारखे अभ्यासक विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे सांगत आले, आणि रँडॉल्फ क्वर्क व त्यांच्या सहकाऱ्यांच्या 1985 च्या जाडजूड व्याकरणातही इंग्रजीचे काळ दोनच मानले आहेत: वर्तमान आणि भूत. भविष्यासाठी ती भाषा उसनवारीवर चालते. ‘विल’ हे मुळात ‘इच्छा असणं’ या अर्थाचं क्रियापद. ‘शॅल’ हे मुळात ‘देणं लागणं’ या अर्थाचं. एकात मर्जी, दुसऱ्यात कर्ज. दोन्हींना पुढे भविष्याच्या कामाला जुंपलं, पण मूळचा स्वभाव पुरता गेला नाही. म्हणूनच ‘आय विल’मध्ये अजून वचनाचा वास येतो.

मग तक्त्यात तिसरी ओळ आली कुठून? लॅटिनमधून. लॅटिनला भविष्यकाळाची व्यवस्थित रूपं होती, आणि इंग्रजीची पहिली व्याकरणं लिहिणारे लोक लॅटिनवर वाढलेले. तिथे तीन खण, म्हणून इथेही तीन. जॉन वॉलिस हा ऑक्सफर्डचा गणिती, अनंताचं चिन्ह रूढ करणारा. त्याने 1653 मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिनमध्येच, आणि त्यात एक नियम घालून दिला: नुसतं भविष्य सांगायचं तर ‘मी’ आणि ‘आम्ही’ला ‘शॅल’, बाकीच्यांना ‘विल’, वचन किंवा धमकी द्यायची तर नेमकं उलट. पुढची तीनशे वर्षं शाळामास्तरांनी या नियमावर छड्या मोडल्या. त्यावर इंग्रजांचा एक जुना विनोद आहे. बुडणारा आयरिश माणूस ओरडतो, ‘आय विल ड्राउन, नोबडी शॅल सेव्ह मी!’ त्याला म्हणायचं होतं, मी बुडतोय, कोणीच वाचवत नाही. काठावरच्या नियमपंडितांनी अर्थ घेतला, मी बुडणारच, खबरदार कोणी वाचवलं तर. आणि ते आपले उभे राहिले.

आपल्याकडे हा नियम घरोघरी पोचवला तो रेन आणि मार्टिनच्या पुस्तकाने. 1930 च्या दशकात निघालेलं ते पुस्तक आजही दुकानात मिळतं. त्यातले रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेले पी. सी. रेन. 1924 ची ‘बो जेस्ट’ ही वाळवंटातल्या फ्रेंच पलटणीची गाजलेली कादंबरी यांचीच. इतक्या रोमहर्षक गोष्टी लिहिणाऱ्या माणसाच्या नावावर आपल्या आजोबांना ‘शॅल’ आणि ‘विल’ घोकावे लागले, हा मला नेहमीच एक मजेशीर अन्याय वाटत आला आहे. जुनी मॅट्रिक झालेली सोलापुरातली वडीलधारी मंडळी अजूनही अर्जात कटाक्षाने ‘आय शॅल बी ग्रेटफुल’ लिहितात. त्यात काही बिघडत नाही. पण आजच्या मुलाने हा नियम पाठ करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तो मेला आहे. आपल्याकडेही सकर्मकाला ‘करीन’ आणि अकर्मकाला ‘बसेन’ असा नियम आहे. आता सगळे सर्रास ‘करेन’ म्हणतात आणि कोणाचं काही अडत नाही.

‘शॅल’ मात्र जिवंत आहे, दुसऱ्या ठिकाणी. ‘शॅल वी गो?’ म्हणजे ‘निघायचं का?’ आणि कायद्याच्या कागदात. महापालिकेच्या निविदेत ठेकेदाराने अमुक ‘शॅल’ करावं असं लिहिलेलं असतं, तिथे भविष्य नसतं, हुकूम असतो. आपल्या राज्यघटनेचं इंग्रजी वाचा, पानोपानी ‘शॅल’ आहे, आणि त्यातला एकही पुढे काय घडेल ते सांगत नाही. काय असलंच पाहिजे ते सांगतो. वकिलीला जाणाऱ्या मुलांनी एवढं लक्षात ठेवावं.

आता मराठीकडे येऊ, कारण खरी चावी इथे आहे.

आपल्याकडे ‘जाईन’ आहे म्हणून आपण उद्याचं सगळं ‘जाईन’मध्ये बोलतो का? दिवसभर स्वतःचं बोलणं ऐका. ‘मी उद्या मुंबईला जाणार आहे’ म्हणजे बेत पक्का. ‘उद्या मुंबईला चाललोय’ म्हणजे सिद्धेश्वर एक्स्प्रेसचं तिकीट काढून, बॅग भरून तयार. ‘जाईन’ म्हणजे बघू, जमलं तर. दाराची बेल वाजली आणि आई उठायला लागली की आपण म्हणतो, ‘थांब, मी उघडतो.’ तिथे ‘मी उघडेन’ म्हणणारा माणूस पाहुणा वाटेल. आणि खालून कोणी हाक मारली, तर चप्पल शोधत शोधत आपण ओरडतो, ‘आलोच!’ अजून एक पायरी उतरलेलो नाही, आणि क्रियापद भूतकाळी. सोलापुरात तर विचारूच नका. शिंप्याला विचारा, ‘दिवाळीच्या आत मिळतील ना कपडे?’ तो मान वर न करता म्हणतो, ‘मिळतंय की.’ वर्तमानकाळ, आणि दिवाळी दीड महिन्यावर. ‘बघतो की’ या उत्तराचा अर्थ तर सोलापूरकराला सांगायलाच नको. इंग्रजीतही ‘वी विल सी’ म्हणणाऱ्या बापाकडून पोराने फारशी आशा धरायची नसते.

हे आपलं अशुद्ध बोलणं आहे, असं कोणाला वाटत असेल तर त्याने पाणिनीकडे जावं. संस्कृतला भविष्याची दोन रूपं आहेत, एक सर्वसाधारण आणि एक ‘आज नव्हे, उद्यापासून पुढचं’ यासाठी. पण त्याही पलीकडे पाणिनीने दोन बारकावे नोंदवून ठेवले आहेत. एक असा की, जे वर्तमानाला अगदी लागून आहे त्याला वर्तमानाचं रूप चालतं. दुसरा असा की, पुढे होईल अशी आशा असलेल्या गोष्टीला भूतकाळाचंही रूप चालतं; त्याचं परंपरेतलं उदाहरण पावसाचं आहे, पाऊस पडला तर पेरू. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी कोणीतरी आपलं ‘येतो’ आणि ‘पाऊस पडला तर’ नीट ऐकून लिहून ठेवलं. वर्गातल्या तक्त्याला मात्र ते ऐकू आलं नाही, कारण मराठीचं शाळेतलं व्याकरणही इंग्रजीच्या साच्याकडे बघत घडलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं व्याकरण 1836 चं. त्यांचं काम थोरच, पण तो साचा आपण इतका मनावर घेतला की लॅटिनचे खण इंग्रजीमार्गे मराठीच्या वहीत येऊन बसले.

सोलापूरची तर आणखी एक गंमत. इथल्या पूर्व भागात, पद्मशाली विणकरांच्या वस्तीत, घरची भाषा तेलुगू. अक्कलकोटच्या बाजूला गेलं की कन्नड. एकाच बाकावर तीन मातृभाषा बसलेल्या असतात आणि चौथा मित्र दखनी बोलत असतो. तेलुगूत ‘वस्तानु’ म्हणजे ‘येतो’ही आणि ‘येईन’ही, वेगळं रूप नाही. कन्नडमध्ये बोलताना ‘बर्तीनि’चं तेच. म्हणजे उद्याचं बोलायला आजचं रूप वापरायची सवय या शहराच्या तिन्ही भाषांत मुरलेली आहे. इंग्रजी ‘आय ॲम कमिंग टुमॉरो’ शिकायला याहून चांगली जमीन कुठली? पण वर्गात गेलं की आपण त्याच मुलाला सांगतो, टुमॉरो दिसलं की ‘विल’ घाल. येत असलेलं आपण विसरायला लावतो.

या पुस्तिकेतली पहिली तीन प्रकरणं या एकाच कामाला वाहिली आहेत. वाक्य ‘कुठल्या काळातलं’ हे विचारायचंच नाही. विचारायचं ते असं: बोलणारा आत्ता कशाच्या आधारावर बोलतोय? बेत आधीच ठरलेला असेल, तर ‘जाणार आहे’, आणि इंग्रजीत ‘गोइंग टू’. दुसरा माणूस, तिकीट, वेळ हे सगळं जुळून झालं असेल, तर ‘चाललोय’, आणि इंग्रजीत ‘आय ॲम गोइंग’. आत्ता, या क्षणी ठरलं असेल, तर आपण ‘थांब, मी उघडतो’ म्हणतो आणि इंग्रज ‘आयल ओपन इट’ म्हणतो. या शेवटच्या ठिकाणी आपली मुलं हटकून घसरतात. मराठीत ‘उघडतो’ आहे म्हणून ‘आय ओपन’ किंवा ‘आय ॲम ओपनिंग’ म्हणतात. खरं तर ‘विल’ची हक्काची जागा हीच, आणि तक्त्यात तिचा उल्लेख नाही.

आभाळाचं उदाहरण प्रत्येक इंग्रजी पुस्तकात असतं: काळे ढग दिसले की ‘इट इज गोइंग टू रेन’, नुसता अंदाज असला की ‘इट विल रेन’. डोळ्यांसमोर पुरावा असला की ‘गोइंग टू’, हा नियम बरोबर आहे. पण तो अशा देशात लिहिला गेला जिथे ढग आले की पाऊस पडतो. सोलापूर पर्जन्यछायेतलं. इथे जूनमध्ये आभाळ भरून येतं, वारा सुटतो, धूळ उडते आणि संध्याकाळी चांदणं पडतं. म्हणून मी या पुस्तिकेत ढगांऐवजी काठापर्यंत भरलेल्या आणि टेबलाच्या कडेला ठेवलेल्या चहाच्या कपबशीचं उदाहरण घेतलं आहे. तो चहा सांडणार, यात सोलापूरकरालाही शंका नाही.

वेळापत्रकाचा मामला वेगळा. गाडी, परीक्षा, यात्रा यांसारख्या, आपल्या हातात नसलेल्या आणि कुठेतरी छापून ठेवलेल्या गोष्टींना इंग्रजी साधा वर्तमानकाळ वापरते. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संक्रांतीला असते, ती पंचांगाने ठरलेली. तिच्याबद्दल पुढच्या वर्षाचंही ‘द यात्रा बिगिन्स’ असंच म्हणायचं. ‘माय एक्झाम स्टार्ट्स ऑन मंडे’, हेही तसंच. उजनीचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं, त्याचंही वेळापत्रक असतं, तेव्हा ‘वॉटर कम्स टुमॉरो’ म्हणावं का, असा प्रश्न वर्गात येतो. व्याकरण हो म्हणेल. मी म्हणेन, साध्या वर्तमानाने उद्याचं बोलायला वेळापत्रकावर भरवसा लागतो. नळाबाबत ‘विल’ आणि पुढे ‘प्रॉबेबली’ घातलेलं बरं.

चौथं प्रकरण ‘व्हेन’ आणि ‘इफ’चं. ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू.’ महाराष्ट्रातल्या इंग्रजीतली ही बहुधा सगळ्यात जास्त वेळा झालेली चूक असेल. ‘व्हेन’, ‘इफ’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’, ‘ॲज सून ॲज’ यांच्यामागे वेळ किंवा अट सांगताना ‘विल’ येत नाही. ‘व्हेन आय रीच’ म्हणायचं. मुलांना हा नियम जुलमी वाटतो. पण घरी ती काय म्हणतात? ‘पोचेन तेव्हा फोन करेन’ असं पत्रात लिहितात. तोंडाने म्हणतात, ‘पोचलो की फोन करतो.’ त्या वाक्यात एकही भविष्यकाळ नाही. अट किंवा वेळ सांगणाऱ्या तुकड्यात भविष्याचं रूप नको, हा धडा मराठी आईच्या मांडीवरच देते. इंग्रजी फक्त तिथे भूताऐवजी वर्तमान घालते. अपवाद आहेत, ‘इफ यू विल जस्ट वेट हिअर’ यातला ‘विल’ मर्जीचा आहे, ‘जरा थांबाल तर’ असा. आणि ‘आय डोंट नो व्हेन ही विल कम’ हे बरोबर आहे, कारण तिथे ‘व्हेन’ म्हणजे ‘केव्हा’, ‘जेव्हा’ नव्हे. मराठीत दोन वेगळे शब्द असल्याने आपल्याला हे इंग्रजांच्या पोरांपेक्षा लवकर समजायला हवं.

रूपांच्या चुकांवर मी फार रेंगाळलेलो नाही. ‘विल’च्या पुढे क्रियापद मूळ रूपात, संपलं, ‘विल गोज’, ‘विल वेंट’, ‘विल टू गो’ हे सगळं सरावाने जातं. दोन गोष्टी मात्र सरावानेही लवकर जात नाहीत. ‘जाऊ शकेन’चं ‘विल कॅन गो’ होतं. इंग्रजीत असे दोन सहायक शेजारी बसत नाहीत, म्हणून ‘विल बी एबल टू गो’. दुसरी गोष्ट उच्चाराची. ‘विल नॉट’चं आखडलेलं रूप ‘वोन्ट’, आणि ‘पाहिजे’साठी ‘वॉन्ट’. आपल्या तोंडी दोन्ही एकच. मुलाखतीला बसलेला मुलगा कळवळून सांगतो की मला ही नोकरी हवी आहे, आणि समोरच्याला ऐकू येतं, नको आहे. पहिल्यात ‘ओ’ लांबवून ओठ गोल करायचे, दुसऱ्यात तोंड उघडं ठेवायचं. रोज आरशासमोर करून पाहा.

सोलापुरात इंग्रजी भविष्यकाळाची खरी परीक्षा शाळेत होत नाही, ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत होते. इथले टॉवेल परदेशी जातात, आणि ते कधी पोचतील हे कोणालातरी इंग्रजीत कळवावं लागतं. कारखान्याच्या ऑफिसातून निघालेली अशी एक मेल मी पुस्तिकेत जशीच्या तशी वापरली आहे, नावगाव काढून. त्यात एक ओळ होती: ‘गुड्स विल डिस्पॅच टिल मंडे.’ मराठीत ‘माल सोमवारपर्यंत निघेल’. सहा शब्द नाहीत, आणि दोन खड्डे. माल स्वतःहून डिस्पॅच करत नाही, त्याला करतात. म्हणून ‘विल बी डिस्पॅच्ड’. आणि ‘पर्यंत’ला इंग्रजीत दोन शब्द आहेत. काम त्या दिवसाच्या आत संपायचं असेल तर ‘बाय’. काम त्या दिवसापर्यंत चालूच राहणार असेल तर ‘टिल’. ‘टिल मंडे’ वाचून परदेशातल्या गिऱ्हाइकाला वाटणार, रोज थोडा थोडा माल निघत राहील आणि सोमवारी थांबेल.

आता तीच ओळ नीट लिहू. ‘वी विल डिस्पॅच द गुड्स ऑन मंडे’ लिहिलं तर तो शब्द दिला, आणि दिलेला शब्द गिऱ्हाईक छापून ठेवतं. ‘वी आर डिस्पॅचिंग ऑन मंडे’ म्हटलं की ट्रक ठरला, कंटेनर ठरला, कागद तयार. ‘वी आर गोइंग टू डिस्पॅच’ म्हणजे आमचा इरादा आहे; पैसे अडकलेल्या माणसाला इराद्यात फारसा रस नसतो. ‘बाय मंडे वी विल हॅव डिस्पॅच्ड’ म्हणजे सोमवार उजाडेल तेव्हा माल निघून गेलेला असेल. पूर्ण भविष्यकाळ नावाचं जे भूत मुलांना तक्त्यात घाबरवतं, त्याचं पोटापाण्याचं काम हे एवढंच: अमुक वेळेच्या आत झालेलं असेल. आणि ‘वी विल बी डिस्पॅचिंग नेक्स्ट वीक’ यात एक सौजन्य आहे, ओघानेच होणार आहे, वेगळं काही करावं लागणार नाही, असं. म्हणूनच कोणाची गाडी मागायची असेल तर इंग्रज सरळ ‘विल यू यूज युअर कार?’ न म्हणता ‘विल यू बी यूजिंग युअर कार टुनाइट?’ विचारतो. मागणं झाकलं जातं. आपण ‘संध्याकाळी गाडी लागणार आहे का हो तुम्हाला?’ म्हणतो, त्यातली नजाकत हीच.

एका गोष्टीबद्दल मात्र मी विस्ताराने लिहिलं आहे, कारण ती कुठल्याच तक्त्यात नाही. दारावर थाप पडली की आपण म्हणतो, ‘दूधवाला असेल.’ दूधवाला आत्ता दारात आहे, ‘असेल’ भविष्यकाळी. इंग्रजही तेच म्हणतो, ‘दॅटल बी द मिल्कमन.’ ‘आता फोन करू नकोस, तो निघाला असेल’, यालाही ‘ही विल हॅव लेफ्ट बाय नाऊ’. आत्ताच्या किंवा होऊन गेलेल्या गोष्टीबद्दल खात्री नसली, तरी अंदाज असला, की दोन्ही भाषा भविष्याच्या रूपाकडे धावतात. यावरूनच कळतं की ‘विल’ घड्याळापेक्षा मनाच्या खात्रीशी जास्त बांधलेला आहे. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही, दाखवलं की पुरतं.

उरला तक्त्याचा शेवटचा खण, ‘विल हॅव बीन गोइंग’. निवृत्तीच्या भाषणात एकदा कामाला येतो: पुढच्या जूनमध्ये मला इथे शिकवायला लागून तीस वर्षं झालेली असतील. एवढ्यासाठी त्याला अर्धं पान दिलं आहे. परीक्षेत विचारतात म्हणून रूप पाठ करा, बाकी विसरलात तरी कोणी रागावणार नाही.

शेवटी पद्धतीबद्दल थोडं, कारण काही शिक्षक यावर नाराज होतील. महाराष्ट्रात जून 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आलं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. ते लवकर सुरू झालं ते बरंच झालं. पण त्याबरोबर इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचीच नाही, असाही एक आग्रह बळावला. त्याआधीच्या पिढ्या द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढल्या होत्या. तिची चेष्टा करणं सोपं आहे. तिच्यातली वाक्यं कोणी कधी बोलत नसे. पण तिचा पाया पक्का होता: मराठी माणूस इंग्रजी मराठीतूनच ऐकतो, तर ते उघडपणे करू. माझं म्हणणं तर्खडकरांकडे परत जा, असं नाही. त्यांचं मराठी पुस्तकी होतं, ‘मी जाईन’ला ‘आय शॅल गो’ जोडणारं. मुलाचं खरं बोलणं, ‘चाललोय’, ‘जाणार होतो’, ‘मिळतंय की’, ‘आलोच’, हे फळ्यावर आणा आणि मग इंग्रजीकडे जा. ‘जाणार होतो, पण राहिलं’ हे ‘आय वॉज गोइंग टू गो’मध्ये जसंच्या तसं उतरतं, हे ज्या मुलाला एकदा दिसलं, त्याला ‘वॉज गोइंग टू’ कधीच पाठ करावं लागत नाही. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या मुलांनी आपापल्या भाषेचं वाक्य शेजारी लिहावं. त्यासाठी प्रत्येक पानावर समास रुंद ठेवला आहे.

आणि शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर: ‘कमिंग!’ किंवा ‘आयल बी राइट देअर.’ ‘आय केम’ नव्हे.

पुस्तिका वापरताना एवढं करा. सराव सोडवताना आधी वाक्य स्वतःच्या घरच्या भाषेत, घरी म्हणाल तसंच लिहा, मग इंग्रजीत. उत्तरं शेवटी दिली आहेत. काही ठिकाणी दोन-दोन उत्तरं दिसतील, ती दोन्ही बरोबर आहेत, आणि दोन्हींत काय फरक पडतो तेही तिथेच लिहिलं आहे. परीक्षेत मात्र एकच मागितलं तर टुमॉरो बघून ‘विल’ घाला आणि मार्क घ्या. बाहेर पडल्यावर नीट बोला.